पाचव्या पायाची तक्रार

फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या घोड्याने रविवारी सकाळी दिगंबर सरनोबतांकडे लेखी तक्रार दिली, की त्याचा पाचवा पाय विनापरवानगी खोडण्यात आला आहे.

सरनोबत नगररचना कार्यालयात आरेखक होते. तक्रार आली की आधी पोच द्यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी सही केली आणि मग खुलासा दिला. घोडा त्यांनी आणि साडेचार वर्षांच्या इरावतीने मिळून काढला होता. धड बाबाकडे, पाय लेकीकडे, अशी वाटणी होती. ती दूध प्यायला उठली, तेवढ्यात यांना एक पाय जास्त दिसला आणि सवयीने हात खोडरबराकडे गेला.

"सवयीने," घोडा म्हणाला. "तीन दिवस मी वळताना पडतोय, त्याचं काय?"

घोड्याचं एक वेळ राहू द्या. तीन दिवस इरावती त्यांच्याशेजारी चित्र काढायला बसली नव्हती. "तूच काढ बाबा, तुला छान येतं," म्हणायची आणि खडूंचा डबा घेऊन बाल्कनीत जायची. सरनोबतांना ते फार लागलं होतं.

त्यांनी पट्टी घेऊन नवा पाय काढला. गुडघा, खूर, सगळं मापात. घोड्याने तो टेकवून पाहिला.

"हा चालणार नाही. मूळ हाताचा हवा."

मग सरनोबत चित्र घेऊन बाल्कनीत गेले आणि मांडी घालून बसले. "इरू, माझं चुकलं. मला पाचवा पाय काढता येत नाही. शिकवशील?"

तिने बराच विचार केला. "डोळे मिट. पट्टी घ्यायची नाही."

त्यांच्या मुठीत हिरवा खडू, त्यावर तिची मूठ. हात कुठे चाललाय ते त्यांना कळेना, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. पाय पोटातून निघाला, दोनदा वळला आणि शेपटीजवळ जमिनीला टेकला. घोड्याने कागदभर एक फेरी मारली आणि तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं.

"आता तू," म्हणत इरावतीने घोड्याशेजारी बाबा काढला. सरनोबत शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले.

सोमवारी ते चपलांच्या दुकानात गेले. दुकानदाराने वाकून पाय पाहिले.

"तिसरी डाव्या पायाची देऊ की उजव्या?"

"थांबा," सरनोबतांनी घरी फोन लावला. "जिने काढलाय तिलाच विचारतो."