रशीदभाई आणि साडेबारा टक्के

आमचे शिरूरचे रशीदभाई किराणावाले वस्तूंना शिक्षा करायचे. काटा अडला की त्याला उन्हात ठेवायचे. बिलाचं मशीन चुकलं की त्याचं तोंड भिंतीकडं फिरवायचे आन् म्हणायचे, "ऱ्हा तसंच." मशीनची शिक्षा संपेपर्यंत गिऱ्हाइकाला साखर मिळायची नाही.

हे मशीन व्हॅट आला तेव्हा घेतलेलं. त्यांच्या एकुलत्या लेकीनं, नसरीननं, सोबतचं पुस्तक वाचून त्यात एकेक वस्तू आणि तिचा दर भरला. कुणाला कर नाही, कुणाला चार टक्के, कुणाला साडेबारा. नवी वस्तू भरायची तर आधी एक नंबर दाबावा लागे, आणि तो तिलाच ठाऊक. महिन्याभरात तिनं दौंडच्या एका रेल्वेतल्या मुलाशी आपल्या पसंतीनं लग्न केलं. रशीदभाईंनी तिचं नाव घेणंच टाकलं.

त्यानंतर मी त्यांच्या दुकानात माझे उडदाचे पापड ठेवायला लागले. माझं घरच त्यावर चालायचं. पापडाला कर नव्हता, मी नीट विचारून आलेली. पण मशीनमध्ये पापडच नव्हता. मग रशीदभाई 'किरकोळ पाकीट' दाबायचे. झाले साडेबारा टक्के!

म्हटलं, गूळ दाबा की, गुळाला कर नाही.

"पापडाला गूळ म्हनू? माझ्या दुकानात खोटं बिल न्हाई फाटत."

माझे पापड महागले, खप निम्म्यावर आला. बायका मलाच सुनवायच्या, "आजी, म्हातारपणी लुटायला लागलात व्हय?" एक दिवस माझं डोकं फिरलं. तशीच दुकानात गेले. लेकीला फोन लावा, नंबर विचारा, मिटलं, म्हटलं.

"दौंडला माझा फोन लागत न्हाई."

"लावला कवा?"

ते डबे आदळत बसले. मीही सगळी पाकिटं पिशवीत कोंबली आन् सांगितलं, उद्यापासून पापड समोरच्या दुकानात. इतक्या वर्षांची ओळख, पण मागं वळून पाहिलं नाही मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई माझ्या दारात. इस्त्रीचा झब्बा, काखेत चादरीत गुंडाळलेलं मशीन.

"चला आक्का. पापड दुरुस्त करून आणू."

एसटीत मशीन त्यांच्या मांडीवर. न्हावरा मागं पडलं तरी माझं तोंड चालूच. एका नंबरासाठी दोघांचं तिकीट, दुकान बंद, काय म्हणावं या माणसाला! ते खिडकीतून ऊस बघत होते.

नसरीननं दार उघडलं. बापाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं.

"अब्बा, नंबर फोनवर सांगितला असता की."

"फोनवर मला समजत न्हाई." हे असं खेकसून, की पोरगी गुपचूप आत वळली.

तिनं मशीन लावलं. दोन मिनिटांत पापड मशीनमध्ये गेला, बिनकराचा. माझं काम झालं होतं. गाडी मिळेल म्हणून मी पिशवी उचलली.

रशीदभाईंनी खुर्ची ओढली आणि लेकीशेजारी बसले.

"बाकीचंबी तपास," मशीनकडं बघतच ते म्हणाले. "एकेक करून. घाई न्हाई."

त्या मशीनमध्ये तीनशेच्या वर वस्तू होत्या. मी पिशवी खाली ठेवली.