वाव्हळ्यांचा वाकडा चेंडू

चेंडू मारायच्या आधीच वाव्हळे द्वारकाबाईंची माफी मागून घेत. मारल्यावर कोणीही मागेल. हे आधी मागत. गुडघे जरा वाकवायचे, काठी चेंडूमागे टेकवायची आणि उजव्या अंगाच्या भुईमुगाच्या रानाकडे बघून आवाज द्यायचा, "द्वारकाबाई, माफी असावी." मग हाणायचं. चेंडू निघताना सरळ निघे. ऐंशी-नव्वद पावलं गेल्यावर त्याला काय आठवे कोण जाणे, तो उजवीकडे वळे आणि बाईंच्या रानात जाऊन पडे. रानातून उत्तर येई, "माफी हाय. पण हुडका तुमचं तुमी, माझं खुरपणं चालू हाय."

खेळ गॉल्फ आणि गाव येलदरी. हे दोन शब्द एका वाक्यात बसवायला मलाही वेळ लागला. मी धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत मास्तर, वाव्हळे वीजघरात ऑपरेटर, आणि आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये एकच भिंत. यंत्रं बसवायला आलेला कुणी पंजाबी इंजिनिअर बदली होऊन जाताना त्यांना एक लोखंडी काठी, अकरा चेंडू आणि "नजर चेंडूवर ठेव" एवढा एकच धडा देऊन गेला होता. ती काठी कित्येक वर्षं त्यांच्या पेटीत पडून होती. बायको वारल्यावरसुद्धा त्यांनी ती काढली नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मात्र एकाएकी बाहेर काढली आणि रोज संध्याकाळी वसाहतीमागच्या माळावर जाऊ लागले. आम्ही म्हणालो, म्हातारचळ. अकरा चेंडूंतले चार एव्हाना भुईमुगाने गिळले होते आणि एक द्वारकाबाईंच्या म्हशीने चावून परत दिला होता.

माळाच्या दुसऱ्या टोकाला एक बाभूळ होती. तिच्या पलीकडे एक चेंडू, एकच, सरळ गेला पाहिजे, एवढं वाव्हळ्यांचं मागणं. मार्चअखेर ते रिटायर होणार, क्वार्टर सोडून परभणीला मुलीकडे जाणार.

"गुरुजी, सारी नोकरी झाली, बिघडलेलं मशीन मागं ठिवून कधी घरी गेलो न्हाई," ते मला दर चार दिवसांनी सांगत. "आता ह्ये वाकडं तसंच सोडून जाऊ का?"

"दोष हाय म्हंजे कारण हाय" हे त्यांचं पेटंट वाक्य. आमटी खारट झाली तरी हेच आणि मुख्यमंत्री बदलला तरी हेच. मग कारणाचा शोध सुरू झाला. पहिला संशय वाऱ्यावर. बांबूच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून तो माळावर रोवला. बोळा डावीकडे उडत होता आणि चेंडू उजवीकडे जात होता, तेव्हा वारा निर्दोष सुटला. मग चेंडूवर आळ आला. बादलीभर पाण्यात तीन किलो मीठ घालून एकेक चेंडू तरंगवला, कोणती बाजू जड आहे ते पेन्सिलीने टिपलं. ते पाणी नंतर चुकून मोलकरणीने माझ्या मोगऱ्याला घातलं. मोगरा गेला, चेंडू मात्र निर्दोष निघाले. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून झाली. बूट काढून अनवाणी मारून झालं. सराट्याच्या काट्यांनी तेही बंद पाडलं.

वीजघरासारखं एक रजिस्टरही होतं: वेळ, वारा, अंतर, वाकण किती पावलं. ते भरायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्गात हजेरी मांडायची सवय, त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. रात्रपाळी संपवून कधीमधी ते सकाळी माळावर येत. त्या सकाळच्या रकान्यात वाकण नव्हतंच. बाभळीपर्यंत सरळ.

मी मोठ्या उत्साहाने ते दाखवलं. वाव्हळ्यांनी रजिस्टर मिटलं. "सकाळची ती कसरत, गुरुजी. खेळ संध्याकाळचाच."

"पण साहेब, सकाळी सरळ जातो ना."

"सकाळचं वारं येगळं असतंय," ते म्हणाले. वारा निर्दोष सुटला होता, हे त्यांच्यासारखा माणूस विसरेल असं मला वाटलं नव्हतं.

उत्तर शेवटी द्वारकाबाईंनी दिलं. मी चेंडू शोधत त्यांच्या रानात वाकलो होतो. त्या खुरपं थांबवून म्हणाल्या, "मास्तर, त्या काठीत काय बघायलाव? माणसाकडं बघा की. नांगर धरलेला गडी इकडंतिकडं बघाया लागला का तास वाकडं जातंय. दादांचं तसंच हाय. चेंडूला काठी लागायच्या आदीच डावा खांदा फिरतोय त्यांचा. मी रोज बघायले."

आम्ही सगळे आजवर चेंडूकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी मी वाव्हळ्यांकडे बघितलं. काठी वर गेली, खाली येऊ लागली, आणि चेंडूपर्यंत पोचायच्या आत त्यांचा डावा खांदा, मान, अख्खं अंग डावीकडे मागच्या बाजूला उघडलं. तिकडे पुलाजवळ जिंतूरची साडेपाचची एस.टी. येऊन थांबली होती. माणसं उतरत होती.

त्यांचा मुलगा प्रकाश चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. पुढे औरंगाबादला शिकायला गेला, नामांतराच्या चळवळीत पडला, तुरुंगात जाऊन आला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसायचं सोडून दिलं. ज्या कागदावर बाबासाहेबांचं नाव नाही ती पदवी मला नको, म्हणाला. त्याच सुमाराला खेड्यापाड्यांतल्या बौद्धवस्त्या पेटल्या होत्या, गावाकडे वाव्हळ्यांच्या भावाचं घर जळलं होतं. भ्यालेल्या माणसाने रागावून बोलावं तसं ते पोराला बोलले: पदवी घेतल्याबिगर या दारात येऊ नको. तो साडेपाचच्याच गाडीने आला होता, त्याच गाडीने परत गेला. एवढं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

त्यानंतर सहा वर्षांत मी एकदाही प्रकाशची चौकशी केली नाही. वसाहतीत कोणीच केली नाही. नामांतर म्हटलं की चहाच्या टेबलावर कप वाजायला लागत, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तो विषय गिळून टाकला होता आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. मला त्या संध्याकाळी स्वतःची लाज वाटली.

"साहेब," मी म्हणालो, "अर्धा तास उशिरा खेळलात तर चेंडू सरळ जाईल."

ते काठीचं टोक पुसत राहिले. "म्हाईत हाय मला. तुमी रजिस्टर दाखवलं तवाच कळलं होतं. पण गाडी निघून गेल्यावर हात उचलत न्हाई, गुरुजी."

"पत्र टाकायचं."

"पत्ता असता तर टाकलं असतं. त्याला माझा पत्ता म्हाईत हाय, ह्यो एवढाच. आन् तो आता सुटायलाय."

मार्चच्या शेवटच्या संध्याकाळी ते माळावर आले ते निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून. सामान बांधून झालं होतं. मी आधीच जाऊन त्यांच्या डाव्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"साहेब, आज कामं वाटून घेऊ. गाडीकडे मी बघतो, तुम्ही चेंडूकडे बघा."

त्यांनी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. "वळखाल का त्याला?"

"चालीवरून ओळखीन. चार वर्षं रांगेत उभा केलाय."

त्यांनी हार काढून जवळच्या एका झुडपाला अडकवला. गुडघे वाकवले. द्वारकाबाईंची माफी मागायची त्या दिवशी राहून गेली. पुलाजवळ ब्रेक वाजले. माझ्या पाठीमागे क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग असा आवाज आला जो सहा वर्षांत संध्याकाळी मी कधी ऐकला नव्हता, स्वच्छ, एका घावातला. मी वळलो नाही. शब्द दिला होता.

"आवं दादा, गेला की," द्वारकाबाई रानातून म्हणाल्या. "बाभळीपल्याड गेला. सरळ."

वाव्हळ्यांनी वर बघितलंच नाही. गाडीतली माणसं उतरून झाल्यावर मी वळलो तेव्हा ते चेंडूच्या रिकाम्या जागेकडे बघत तसेच वाकून उभे होते.

"गुरुजी, कोण उतरलं?"

"दोन बायका. आणि एक म्हातारा, पोतं घेऊन."

"बराबर बघितलं ना?"

"बरोबर बघितलं."

गाडी वळून गेली. मला क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. मग म्हणालो, "साहेब, मी अजून इथंच आहे. बदली होईपर्यंत रोज साडेपाचला येईन. तो आला तर परभणीचा पत्ता त्याच्या हातात देईन."

ते सरळ उभे राहिले. उरलेले चेंडू खिशातून काढून त्यांनी माझ्या ओंजळीत घातले आणि काठी पुढे केली.

"मग ही ठिवा," ते म्हणाले. "रोज नुसतंच उभं राहिलेलं बरं दिसत न्हाई. लोक इचारतात, कुणाची वाट बघायलाव म्हणून."