डेरिकनं गाडीला वारा घातला

डेरिकची लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान होती आणि त्याच्यासारखीच चटकन तापायची. वसईतल्या पापडीहून निघाली की होळी बाजारापर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा. तरी पुतणीला, रोझलीनला, लग्नाच्या दिवशी याच गाडीतून चर्चला न्यायचा शब्द तो देऊन बसला होता.

"रिक्षा सांगून ठेवू का?" त्याच्या बायकोनं, जॉयसनं विचारलं.

"इंजिनाला वारा मिळत नाही, एवढंच दुखणं आहे," बँकेतून निवृत्त झालेला डेरिक तज्ज्ञासारखा म्हणाला.

त्यानं गरम हवा निघून जायला बॉनेटला झरोके कापले, रेडिएटरच्या कडेच्या फटी रबरानं बुजवल्या आणि रेडिएटरच्या मागे भला मोठा इलेक्ट्रिक पंखा स्वतःच्या हातानं जोडला. अंगणात गाडी अर्धा तास चालू ठेवली. काटा ढिम्म.

"फ्रीज आहे, फ्रीज!"

लग्नाच्या दिवशी नवरी बसली, गाडी झोकात निघाली आणि काटा चढू लागला. वारा लागावा म्हणून डेरिकनं वेग वाढवला, तर काटा आणखीच चढला. गाडी थांबली, की काटा उतरायचा.

"अंकल, उभी असली तरच थंड राहते का ही?"

"हो."

"मग चर्च इकडे येणार का?"

तेवढ्यात झरोक्यांतून वाफेचे फवारे उडाले. मागच्या गाडीतून नेल्सन मेकॅनिक उतरला, सूट सांभाळत वाकला आणि पंख्याजवळ रुमाल धरला. रुमाल पुढच्या बाजूला फडफडला.

"अरे बाबा, पंखा उलटा फिरतोय! समोरून येणारा वारा तू परत पाठवतोस. वायरी उलट्या जोडल्यास."

"मग बदल ना!"

"बदलतो. पण पानी उकळलंय, अर्धा तास हात लावायचा नाय. तिकडे फादर उभे आहेत."

शेवटी सुटातल्या चौघांनी गाडी ढकलली. डेरिक स्टिअरिंग धरून शोकसभेला बसल्यासारखा बसला होता आणि रोझलीन हसून हसून डोक्यावरची जाळीदार ओढणी सावरत होती. फोटोग्राफर ओरडत होता, "हळू, अजून हळू!" संध्याकाळपर्यंत व्हिडिओ साऱ्या वसईच्या मोबाइलवर पोचला.

आठवडाभरात वायरी सरळ झाल्या. डेरिक विरारला जाऊन आला, काटा मध्यावरून हलला नाही. घरी आला तर जॉयसच्या कानाला फोन.

"अर्नाळ्याहून आहे. त्यांना लग्नाला आपली गाडी पाहिजे."

डेरिकची छाती फुगली. "सांग, आता अजिबात तापत नाही."

जॉयसनं सांगितलं, ऐकलं आणि फोनवर हात ठेवला. "ते म्हणतात, इंजिन चालू करूच नका. व्हिडिओतल्यासारखीच पाहिजे. ढकलायला माणसं आपली की त्यांची?"

डेरिकनं तो सरळ फिरणारा पंखा बंद केला.

"त्यांची," तो म्हणाला. "आणि सांग, चढ असेल तर सहा लागतील."