पुदुच्चेरीचं प्रस्थान

शनिवारी सकाळी स्वरदा सगळ्यांच्या आधी उठली, आंघोळ उरकून नवा कुर्ता घालून तयार होऊन बसली, आणि तिथेच चुकली. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये नारायणस्वामी काकांच्या आधी कोणी तयार झालं, की काकांना संशय येई. त्यांनी चौकशी केली. नऊ वाजता भाड्याची गाडी येणार, ती सुधींद्र चालवणार, समुद्राच्या कडेकडेने आम्ही पुदुच्चेरीला जाणार आणि दोन दिवस तिथे राहणार, हे स्वरदाने त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"शनिवार," ते म्हणाले. "नवाला राहुकालम लागतो. निघता यायचं नाही."

स्वरदाने नवऱ्याकडे पाहिलं. सुधींद्रने कॅलेंडरकडे पाहिलं.

सुधींद्रचे आईवडील तो लहान असतानाच गेले. तंजावरी मराठी घरातल्या या काकांनी त्याला वाढवलं, शिकवलं, पुण्याच्या नोकरीवर निघताना स्टेशनपर्यंत पोहोचवलं. त्या उपकारांची फेड म्हणून सुधींद्रने काकांना आजवर एकाही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. स्वरदा साताऱ्याची. लग्न होऊन वीस वर्षं उलटली, तेवढ्या काळात ती चेन्नईला मुंजींना आली, लग्नांना आली, तेराव्याला आली. पण इथल्या समुद्रात पाऊल बुडवायला कधी आली नाही. यंदा लेक रम्या हॉस्टेलला गेली आणि स्वरदाने हट्टच धरला. दोन दिवस चेन्नई, दोन दिवस समुद्र, आणि आपण दोघंच. खोलीसुद्धा तिनेच शोधली होती, खिडकीतून पाणी दिसेल अशी.

त्यातले चेन्नईचे दोन दिवस विशालाक्षी काकींनी परस्पर नातेवाइकांना वाटून टाकले होते. पाहिलं काय, तर चुलत आत्याचा मोतीबिंदू आणि मावससासऱ्यांचं नवं स्वयंपाकघर. मरीना बीच बसच्या खिडकीतून दिसला, तोही पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या काखेतून. स्वरदाने ते सगळं मुकाट्याने गिळलं, कारण पुढचे दोन दिवस शिल्लक होते.

"उपाय आहे कीं," काका म्हणाले. "नवाच्या आत प्रस्थान ठेवायचं. सामानातली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवली, की तुम्ही निघालात असं झालं. मग राहुकालमात गाडीत बसा, हरकत नाही."

स्वरदाला हा तोडगा आवडला. तिने जुने दोन टॉवेल पिशवीत भरले, तर काकांनी ते बाहेर काढले. टॉवेलांनी देव फसत नाही, ज्याच्यावाचून प्रवास अडेल अशीच वस्तू पिशवीत हवी, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. सुधींद्रला ते पटलं. त्याने विचार केला, कशावाचून प्रवास अडेल, आणि आपलं ड्रायव्हिंग लायसन्स काढून पिशवीत ठेवलं. काकींनी ती पिशवी समोरच्या फ्लॅटमधल्या सीतालक्ष्मी मामींच्या हवाली केली. काकांनी दोघांना उंबऱ्याबाहेर काढलं आणि शेवटची अट सांगितली. प्रस्थान ठेवल्यावर परत घरात पाऊल टाकायचं नाही. मुक्कामी पोहोचेपर्यंत हे घर तुम्हाला बंद.

गाडी वेळेवर आली. पांढरी, धुतलेली, काचेवर पाण्याचे थेंब तसेच. ती पोहोचवायला आलेल्या माणसाने सह्या घेतल्या आणि लायसन्स मागितलं. फोनमधला फोटो चालणार नाही, मूळ कार्ड दाखवा, म्हणाला. सुधींद्र हसतहसत मामींच्या दाराशी गेला. दाराला कुलूप होतं.

काकींनी मामींना फोन लावला, तो कुलपाच्या आत वाजला. मग मामींच्या लेकीचा नंबर शोधण्यात बराच वेळ गेला. लेक शहराच्या टोकाला, तांबरमला राहते. मामी तिच्याकडेच निघाल्या होत्या, नुकत्याच पोहोचल्या होत्या, आणि पिशवी त्यांच्याबरोबर होती. कोणाचं प्रस्थान रिकाम्या घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी ते जिवापाड सांभाळून सोबत नेलं होतं.

एव्हाना ऊन जिन्यापर्यंत आलं होतं. काकींनी उंबऱ्याच्या आतून हात लांब करून दोघांना कॉफी दिली. स्वरदाला बाथरूमला जायचं होतं. काका म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरचे राजगोपाल चांगले लोक आहेत. राजगोपालांकडे जाऊन तिला आधी आपण कोण ते सांगावं लागलं, मग सातारा कुठे आलं ते सांगावं लागलं, आणि मग त्यांनी बाथरूमचं दार दाखवलं.

परत आली तेव्हा ती जिन्यातच नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एकदा तरी काकांना म्हणा, की आम्ही हे मानत नाही."

"पण मी कुठे मानतो?" सुधींद्र म्हणाला. "काका मानतात."

गाडीवाला थोडा वेळ थांबायला तयार झाला आणि ही दोघं मांबलम स्टेशनवरून तांबरमची लोकल पकडून निघाली. डब्यात शेजारीशेजारी जागा मिळाली. सैदापेट गेलं, गिंडी गेलं. सुधींद्र वाऱ्यावर डोळे मिटून बसला होता. ही पण एक सहलच आहे, असं स्वतःला सांगून बघावं असं स्वरदाला वाटलं. तिने सांगून बघितलं, जमलं नाही.

मामींनी पिशवी लगेच दिली नाही. प्रवासाला निघालेल्या माणसांनी दारातून उपाशी जाऊ नये, म्हणून आधी सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात झाला. ताकभात चालू असताना काकांच्या मुलाचा, वेंकटचा फोन आला. तो अंबत्तूरला असतो. काकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. गाडीवाला चाललाच होता, म्हणून वेंकटने स्वतःचं लायसन्स दाखवून गाडी ताब्यात घेतली होती. "काळजी करू नका, गाडी गेली नाही," तो म्हणाला. स्वरदाच्या जिवात जीव आला. वेंकटला तिने मनातल्या मनात आशीर्वाद दिले, आणि ताकभात पुन्हा घेतला.

दोघं घामाघूम होऊन परत आली तेव्हा बिल्डिंगखाली गाडी नव्हती. वॉचमनने सुधींद्रच्या हातात फ्लॅटची किल्ली ठेवली आणि काकांना फोन लावायला सांगितलं.

काका गाडीतूनच बोलले. महाबलीपुरम मागे पडलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरातून एकदा प्रस्थान ठेवलं की प्रवास घडलाच पाहिजे, मोडला तर घराला दोष लागतो. तुम्ही तर तांबरमला अडकलेले. म्हणून घरातलं थोरलं माणूस या नात्याने तुमच्या वतीने ते, काकी आणि वेंकट निघाले होते. एका प्रस्थानावर दोन प्रवास होत नाहीत, तेव्हा तुम्ही मागून बसने येऊ नका. सकाळी दूध येईल ते घ्या. आणि आम्ही पोहोचल्याचा फोन येईपर्यंत घरात जाऊ नका.

"काका बरोबर बोलतात," सुधींद्र फोन ठेवून म्हणाला. "खोलीही एकच आहे. आपण जाऊन झोपणार कुठे?"

किल्ली हातात असताना ती दोघं संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली. स्वरदा दोनदा किल्ली मागायला उठली. दोन्ही वेळा नवऱ्याच्या चेहऱ्यावर ते शाळेतल्या मुलाचं भय दिसलं आणि ती परत बसली. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दया येते याचाच तिला जास्त राग येत होता.

दिवेलागणीला तिचा फोन वाजला. पुदुच्चेरीच्या हॉटेलमधला माणूस फार अदबीने बोलत होता. तुमच्या नावच्या खोलीसाठी तुमचे सासूसासरे आले आहेत, मॅडम, तुमची परवानगी असेल तर एक जादा गादी घालून चावी देतो. एक नाही म्हटलं असतं, की काका रस्त्यावर आले असते. ते 'नाही' स्वरदाच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"द्या," ती म्हणाली.

सुधींद्र उठून उभा राहिला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. "काका पोहोचले," तो म्हणाला. "चल, आता आपल्याला घरात जाता येईल."

घरात गेल्यावर त्याने पंखा मोठा केला, शर्ट काढला आणि सोफ्यावर पाय पसरले. वेंकटने फोटो पाठवला. काकी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, लुगडं चिंब, तोंड उघडं टाकून हसत होत्या. काकांनी एका हातात त्यांच्या चपला धरल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला होता. वीस वर्षांत स्वरदाने काकांना काकींच्या शेजारी बसलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं. दिवसभर जमवलेला राग या दोघांवर काढायची सोय राहिली नाही, आणि तिला फार एकटं वाटलं.

तिने फोटो नवऱ्यापुढे धरला. "पडेल म्हणून धरलं असेल," तो म्हणाला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही? आपण गेलो नाही त्याचं?"

सुधींद्रने या वेळी पहिल्यांदाच विचार करून उत्तर दिलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

"खरं सांगू? मला पुण्यापासून धास्तीच होती. दोन दिवस नुसते आपण दोघं. रम्या नाही, ऑफिस नाही. काय बोललो असतो गं आपण?"

स्वरदाने तोंड उघडलं. काय बोललो असतो ते त्याला ताडकन सांगावं, म्हणून ती आठवू लागली. पंखा फिरत राहिला. खाली कोणीतरी स्कूटर चालू केली, ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ऐकू येईनाशी झाली, तरी तिला एकही गोष्ट आठवेना.

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाचा डबा शोधून तिथूनच विचारलं, भात किती लावू.

"थोडाच लाव," सुधींद्र बाहेरून म्हणाला. "आपण दोघंच तर आहोत."