दाराआडची मिती

तळघरातल्या प्रयोगशाळेत, टेबलावर, कपाचा गोल डाग दिसला आणि प्राध्यापकांच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. त्या टेबलावर केसाहून बारीक तारेला टांगलेला त्यांचा काटा होता. लांबी, रुंदी, उंचीपलीकडे आणखी एखादी मिती कुठे दडली असेल, तर अगदी जवळ ठेवलेल्या दोन गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण नेहमीपेक्षा वेगळं भरेल आणि काटा किंचित जास्त फिरेल, या आशेवर त्यांनी बारा वर्षं काढली होती. आणि तिथे मदतनीस बाई चहा पितात म्हणजे काय?

विचारलं तर बाई नाहीच म्हणणार. म्हणून प्राध्यापक रोज सव्वातीनला शेजारच्या सामानाच्या खोलीत शिरून दाराच्या फटीला डोळा लावू लागले. बाई आपल्या खुर्चीत बसून मुकाट्याने काहीबाही लिहीत असत. चहाचा पत्ता नव्हता.

पण त्याच आठवड्यापासून रोज सव्वातीनला काटा हलल्याचं आलेखात दिसू लागलं.

पहिला संशय लिफ्टवर गेला. प्राध्यापकांनी ती दुपारची बंद करवली आणि गुडघेदुखीने बेजार संचालक चार जिने चढू लागले. मग पाण्याचा पंप बंद झाला, अख्खी इमारत कोरडी पडली. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपालांना तर त्या वेळात जागचं हलायची बंदी झाली. काटा आपला हलतोच आहे. इमारतीत संशय घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा प्राध्यापकांनी संचालकांना कळवून टाकलं, की नवी मिती सापडली.

संचालक पाहायला आले. वरच्या खोलीत, आलेख दाखवणाऱ्या पडद्यासमोर, प्राध्यापकांसकट सगळे जमले. सव्वातीन वाजले, साडेतीन वाजले. काटा ढिम्म.

प्राध्यापक तडक तळघरात उतरले, मागोमाग संचालक.

"आज काय केलंत तुम्ही?" प्राध्यापकांनी बाईंना दरडावलं.

बाईंनी नोंदवही पुढे केली. संचालकांनी चष्मा लावून वाचलं. अकरा दिवस एकच ओळ होती: 'सव्वातीन ते साडेतीन. सर दाराआड. काटा हलला.'

प्राध्यापकांचा चेहरा खर्रकन उतरला. मग आधी सांगितलं का नाही, असं ते कसंबसं पुटपुटले.

"मला वाटलं, प्रयोगासाठी तुम्ही स्वतःच वजन म्हणून उभे राहताय," बाई म्हणाल्या.

संचालकांनी हसू दाबत विचारलं, काटा निदान अचूक तरी आहे ना.

"अगदी. त्यावरून सरांचं वजन काढलंय मी. पहिल्या दिवशी एक्याण्णव किलो. परवापासून ब्याण्णव."