वेलाचं गोत्र

शंभरावं फूल गळून पडलं तेव्हा धाकूने हातातलं कोंबडीचं पीस रागाने भिरकावलं आणि लगेच जाऊन उचलून आणलं. दुसरं शोधायला वेळ नव्हता.

हा माराकुजाचा वेल, कृष्णकमळाच्या जातीचा, पण आंबटगोड पिवळ्या फळाचा. त्याची एक फांदी त्याच्या बायकोने, गंगाने, पणजीला राहणाऱ्या बहिणीकडून आणून लावली होती. पाच वर्षं मांडवभर फुलला. फळ एकही नाही. "लागतला, बघ तू," असं ती रोज म्हणायची. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तिच्या वर्षश्राद्धाच्या पानावर या वेलाचं एक फळ ठेवायचं, एवढंच धाकूने धरून ठेवलं होतं.

तो सकाळच्या बसने डिचोलीला गेला. नव्या राज्याची नवी पाटी लागलेल्या शेतकी कचेरीत गौरेश नावाचा तरुण अधिकारी भेटला.

"पिसान पराग लायतंय मी, साहेब. मग अडता खंय?"

"आत, काका. परागाला बारीक नळी फुटते, ती बीजापर्यंत उतरावी लागते. पण फूल ओळखतं, हा आपल्याच घरचा. मग नळीला वाटेतच थांबवतं. पराग दुसऱ्या वेलाचा पाहिजे, आणि मोठे भुंगे येत नसतील तर तो हातानेच लावायला हवा."

"म्हणजे सगोत्र चलना?"

"चालत नाही."

"आणि फळ पिकाक किती दीस?"

"सत्तर तरी."

धाकूने बोटं मोजली. हातात त्र्याहत्तर होते. तो धावतच निघाला. मागून गौरेश ओरडला, "आणि तुमच्या वेलाच्या फांदीपासून केलेला नको हं! तो वेल तोच!"

बसमध्ये धाकूला घाम फुटला. मयेत त्यांच्या वाड्यावर वेल सात घरी होते. शेवंतीकडे, बाबुरावाकडे, कृष्णनाथाकडे. सगळ्यांना गंगानेच हौसेने फांद्या वाटल्या होत्या. अख्खा वाडा सगोत्र!

सुटलं होतं एकच घर, शेजारच्या कमलाक्षीचं. गंगाची कोंबडी तिच्या अंगणात अंडी घालू लागली, त्यावरून दोघी नऊ वर्षं बोलल्या नाहीत. फांदी मिळाली नाही म्हणून कमलाक्षीने म्हापशाच्या बाजारातून फळ आणून बी पेरलं. वेल आला, फुललाही. फळ त्यालाही नाही. "गंगाची दीष्ट," असं ती गावभर सांगत असे.

मागायचं धाडस होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी फुलं उमलताच धाकू मधल्या गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, वाकला आणि एक फूल खुडलं.

"कोण रे तो?" कमलाक्षी झाडू घेऊन समोर उभी.

पलीकडून शेवंती बघत होती. "अगे बाये! वर्स होवक नाय, आणि धाकू कमलाक्षीकडे फुला घेऊन!"

क्षणात सहा माणसं जमली. फूल मागे लपवावं तर चोरी ठरणार, पुढे धरावं तर त्याहून वाईट. धाकूने सगळं खरं सांगून टाकलं.

कमलाक्षीने झाडू खाली केला. "म्हणजे माझ्याबगर गंगाक फळ नाय?"

"नाय."

"बरा झाला. शेवटी माझ्याच दारात येवचा पडला तिका." तिने आणखी दोन फुलं तोडून दिली. "पण अर्धा फळ माझा."

"तुझ्या वेलाकय माझे पराग लायतंय."

"नको! गंगाचे उपकार नको माका."

धाकूच्या वेलाला तीन फळं धरली. दोन गळली. तिसऱ्याला धाकूने गंगाच्या जुन्या चोळीची पिशवी बांधली आणि वटवाघळांवर पाळत ठेवली. बाहत्तराव्या दिवशी ते पिवळं होऊन पिशवीत गळलं.

श्राद्धाचं पान गडग्यावर ठेवलं. मधोमध फळ. माडावर कावळा बसला होता, पण हलेना.

"गंगा, घराची कौला बदलतंय," धाकू म्हणाला. कावळा ढिम्म. "तपकीर सोडतंय." नाहीच. भट घड्याळ बघू लागले. फळ आणून दिलं, अजून काय हवं हिला?

तेवढ्यात गडग्यापलीकडून कमलाक्षीचा आवाज आला. "गंगा, आयक! अर्धा फळ माझा, शब्द झालेलो आसा!"

कावळा बाणासारखा खाली आला. भाताला शिवला नाही, वड्याकडे बघितलंही नाही. फळ चोचीत धरून सरळ उडाला.

"बघितलंस?" कमलाक्षी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मेली तरी एक फोड दिली नाय!"

धाकू वर्षात पहिल्यांदा हसला. हसता हसता डोळे पुसू लागला. कमलाक्षी गडग्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "धाकू, माझ्या वेलार अजून चार कळे आसत. फाल्या दुपारी तुझा ता पीस घेऊन ये."