किडकी कार्डं

"माय, हा गठ्ठा धडुत्यात शिवून ठेव. उद्या मुंबईले धाडाचा हाय," असं सांगून देवमन कॉलेजात गेला.

कॉम्प्युटरला वाचता यावीत म्हणून भोकं पाडलेली चारशे बारा कार्डं. डोळ्यातला एक रेणू उजेड पडताच कसा वळतो, त्याचं सारं गणित त्यांच्या भोकांत होतं. वाशीमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या देवमनला मुंबईचा कॉम्प्युटर वर्षातून एकदाच मिळायचा, तोही अर्धा तास. तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्याने तिथे भोकं पाडण्यात घालवल्या होत्या. दोनदा मशीनने चाळीस-चाळीस चुका दाखवून गठ्ठा परत पाठवला होता.

यंदा गठ्ठा परत आला, तेव्हा प्राचार्य मारोतरावांनी सोबतचं पत्र आधीच फोडलं होतं.

"देवमन! मशीनले एकबी चूक सापडली नाही! सोमवारी तुमचा सत्कार!"

"आणि उत्तर, सर? रेणू कोणीकडं वळला?"

"ते तुमी पाहा. चूक नाही म्हणते ना ते?"

घरी येऊन देवमनने मुंबईहून पुन्हा शिवून आलेल्या गठ्ठ्याचे टाके उसवले. कार्डांमागून कार्डं कोरी निघाली, पांढरीशुभ्र. भोकं होती फक्त शेवटच्या दोन कार्डांवर, तीही मोजकी. एकावर मशीनला हुकूम होता, थांब. दुसऱ्यावर, संपलं. मशीन बिचारं थांबलं होतं आणि संपलं होतं.

"माय, माह्ये कार्ड कुठी हायेत?"

"किडले होते ना बापा. भोकंच भोकं! असा माल कोनी मुंबईले धाडते का?" भागिरथा सुपातली तूर निवडत म्हणाली. "दोनच बरे निंघाले. माप कमी नको भराले, म्हून तुह्या पेटीतले कोरे घातले."

"अन् किडके?"

"चुलीत. तूनंच तर आंघोळ केली त्याच्यावर तापलेल्या पान्यानं."

सोमवारी शाल पांघरवून मारोतरावांनी पत्र मोठ्याने वाचलं. "सदर काम निर्दोष पूर्ण झाल्याने यापुढे आपणांस कॉम्प्युटरचा वेळ देण्याचे प्रयोजन उरत नाही."

टाळ्या पडल्या. देवमन उठला. "सर, थे कार्ड कोरे होते. त्यात कायच—"

"पाहा! एवढा मोठा मानूस, अन् म्हणते मी कायच नाही केलं!"

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत भागिरथाने शेजारच्या रंगूबाईला कोपरानं ढोसलं.

"तो खरंच बोलून राह्यला, बाई. निवडलं तं सारं म्याच."